परमिशन डिनाइड : पोस्टग्रेसमध्ये काल दिलेला ग्रँट आज का चालत नाही

अहवाल काढणाऱ्या माणसाला डेटाबेसवर फक्त वाचायची परवानगी दिली. त्याचं काम सुरू झालं आणि काही दिवसांत पुन्हा तोच निरोप : "परमिशन डिनाइड येतंय परत." तुम्ही पुन्हा ग्रँट (परवानगी देणारी आज्ञा) चालवता, पुन्हा सुरू होतं, पुन्हा बंद पडतं. पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरवरचा हा दोष मी इतक्यांदा सोडवला आहे की असा निरोप आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : मधल्या काळात नवीन टेबल कोणी बनवलं? बहुतेकदा उत्तर तिथेच सापडतं. तरी थेट तिथे उडी मारू नका. त्याआधीच्या तपासण्या पाच-दहा मिनिटांच्या आहेत आणि त्यांनीच बरीच प्रकरणं मिटतात.

उदाहरणासाठी एक साधी मांडणी धरू. स्कीमा (टेबलांचा एक गट) 'विक्री', त्यात 'बिले' नावाचं टेबल. तीन रोल (डेटाबेसवरचे युजर किंवा युजरांचे गट) : टेबलांची मालकी ज्याच्याकडे असायला हवी तो 'मालक', नवीन टेबलं बनवणाऱ्या स्क्रिप्टचा 'मायग्रेटर' आणि फक्त वाचणारा 'अहवाल'. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलवर त्या नेहमीच्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या.

लक्षणं

- जुन्या टेबलांवर क्वेरी चालते, नव्यानं आलेल्या टेबलवर चालत नाही.
- संध्याकाळपर्यंत ठीक असतं. रात्रीचा क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) होऊन गेला की सकाळी त्याच टेबलवर परमिशन नसते.
- सिलेक्ट चालतो, पण इन्सर्ट करताना सीक्वेन्सच्या (आपोआप पुढचा नंबर देणाऱ्या काउंटरच्या) नावानं एरर येतो.
- बॅकअप रिस्टोर केल्यापासून किंवा नवीन सर्व्हरवर गेल्यापासून अर्ध्या लोकांचं बंद आहे.
- एररमध्ये अशा टेबलचं किंवा स्कीमाचं नाव येतं, जे तुमच्या क्वेरीत कुठेच नाही.
- एरर काहीच नाही, पण शून्य ओळी येतात.

एरर पूर्ण वाचा

यात सर्वांत जास्त वेळ वाचतो आणि लोक हेच सर्वांत कमी करतात. "परमिशनचा एरर येतोय" असं कोणी सांगितलं तर मी मूळ ओळ आणि तिचा कोड मागतो. ४२५०१ असेल तर खरोखर परवानगीचा प्रश्न आहे, हा लेख त्याबद्दल आहे. २८पी०१ म्हणजे पासवर्ड चुकला. "नो पीजी एचबीए कॉन्फ एंट्री" म्हणजे सर्व्हरनं त्या पत्त्यावरून येणाऱ्या त्या युजरला दारातूनच परत पाठवलं. या दोन्हींवर कितीही ग्रँट चालवले तरी काही होणार नाही, कारण ग्रँट बघण्याची वेळच आलेली नसते.

कोड ४२५०१ असेल तर पुढचा शब्द बघा. 'परमिशन डिनाइड फॉर' यानंतर टेबल आहे, स्कीमा आहे, सीक्वेन्स आहे की फंक्शन? प्रत्येकाचा ग्रँट वेगळा. आवृत्ती ११ च्या आधी टेबल आणि व्ह्यू (टेबलसारखी वाचता येणारी साठवलेली क्वेरी) दोन्हींना 'रिलेशन' असंच म्हटलं जायचं, त्यामुळे जुन्या सर्व्हरवर नावावरून ओळखावं लागतं. आणि 'मस्ट बी ओनर ऑफ टेबल' दिसलं तर तो ग्रँटचा विषयच नाही. ऑल्टर आणि ड्रॉप हे मालकाचे किंवा मालक रोलच्या सदस्याचे अधिकार आहेत, ते ग्रँटनं वाटता येत नाहीत.

एक फसवा प्रकार इथेच सांगतो. 'रिलेशन डझ नॉट एक्झिस्ट' (४२पी०१) आला की सगळे टेबलचं स्पेलिंग तपासत बसतात. पण सर्च पाथमधल्या (नाव शोधताना बघायच्या स्कीमांच्या यादीतल्या) एखाद्या स्कीमावर तुमच्या रोलला युसेज, म्हणजे आत शिरायची परवानगी, नसेल, तर पोस्टग्रेस ती स्कीमा गुपचूप वगळतो. मग 'बिले' शोधायला गेलं की टेबल अस्तित्वातच नाही असं उत्तर मिळतं. नावाआधी स्कीमा लावून 'विक्री.बिले' असं विचारा. आता एरर बदलून 'परमिशन डिनाइड फॉर स्कीमा' झाला, तर दोष सापडला.

तुम्ही कोण म्हणून आणि कुठे जोडलेले आहात

सिलेक्ट करंट_युजर, सेशन_युजर, करंट_डेटाबेस();

ही ओळ स्वतःच्या टर्मिनलवर चालवून उपयोग नाही. ज्या ॲप्लिकेशनला एरर येतोय त्याच्या कनेक्शनवरून चालवा. मधे पीजीबाउन्सरसारखा पूलर (अनेकांसाठी सामायिक कनेक्शन सांभाळणारा मध्यस्थ) असेल किंवा पासवर्ड एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून येत असेल, तर तुम्ही 'अहवाल'ला ग्रँट देत बसता आणि ॲप मात्र 'वेब' नावानं आत शिरत असतं. करंट आणि सेशन युजर वेगवेगळे दिसले तर मधे कुठेतरी सेट रोल झालेलं आहे. परवानगी करंट युजरची तपासली जाते.

तिसरा रकाना दुर्लक्षित राहतो. पोस्टग्रेसमध्ये रोल पूर्ण सर्व्हरला एकच असतात, पण टेबलांवरचे ग्रँट त्या-त्या डेटाबेसमध्ये राहतात. डेटाबेसचं नाव न देता पीएसक्यूएल (पोस्टग्रेसला आज्ञा देण्याचं टर्मिनलवरचं टूल) उघडलं की ते तुमच्या युजरच्या नावाच्या डेटाबेसमध्ये नेतं. 'पोस्टग्रेस' युजरनं उघडलं तर 'पोस्टग्रेस' डेटाबेसमध्ये. त्या डेटाबेसमध्येही योगायोगानं तशीच एखादी जुनी स्कीमा असली की ग्रँट बिनबोभाट चालतो, आणि हव्या त्या डेटाबेसमध्ये काहीच बदलत नाही.

ग्रँट खरंच बसला का

पोस्टग्रेसमध्ये ग्रँटही ट्रँझॅक्शनचा भाग असतो, म्हणजे कमिट करून पक्का केल्याशिवाय तो टिकत नाही. ज्या टूलमध्ये ऑटो कमिट बंद असतं तिथे ग्रँट चालवून खिडकी बंद केली तर तो रद्द होतो. चालवणाऱ्याला यश दिसलेलं असतं, बाकी कोणाला काही मिळालेलं नसतं. उलट, कमिट झाला असेल तर तो लगेच लागू होतो. सर्व्हर रीस्टार्ट करायची गरज नाही, फ्लश प्रिव्हिलेजेस वगैरे मायएसक्यूएलच्या सवयीही इथे नकोत.

दुसरी गोष्ट, वॉर्निंग. ज्याच्याकडे स्वतःला सिलेक्ट आहे पण पुढे वाटण्याचा अधिकार नाही अशा रोलनं ग्रँट चालवला, तर एरर येत नाही. 'नो प्रिव्हिलेजेस वेअर ग्रँटेड' अशी वॉर्निंग येते आणि स्क्रिप्ट पुढे जाते. डिप्लॉयमेंटच्या लॉगमध्ये हजार ओळींत ती ओळ कोण वाचणार? म्हणून लॉगमध्ये 'वॉर्निंग' शब्द शोधा.

तिसरी गोष्ट म्हणजे मला सर्वाधिक भेटणारा गैरसमज : 'ग्रँट ऑल प्रिव्हिलेजेस ऑन डेटाबेस'. वाक्य वाचून वाटतं की डेटाबेसमधलं सगळं दिलं. प्रत्यक्षात यानं तीनच गोष्टी मिळतात : जोडण्याची, नवीन स्कीमा बनवण्याची आणि तात्पुरती टेबलं बनवण्याची परवानगी. आतल्या एकाही टेबलवर यातून काही मिळत नाही. शिवाय फक्त वाचायला आलेल्या माणसाला स्कीमा बनवण्याचा अधिकार मिळून जातो, तो वेगळाच ताप.

गेट, विंग, फ्लॅट

हाउसिंग सोसायटीत फ्लॅटची किल्ली हातात असली तरी आधी मेन गेट आणि विंगचा दरवाजा उघडावा लागतो. इथेही तसंच : डेटाबेसवर कनेक्ट, स्कीमावर युसेज, टेबलवर सिलेक्ट. कनेक्ट मुळात सगळ्यांना असतो, म्हणून त्याची आठवण राहत नाही. स्वतः बनवलेल्या स्कीमावरचा युसेज मात्र कोणालाच आपोआप मिळत नाही.

ग्रँट युसेज ऑन स्कीमा विक्री टू अहवाल;
ग्रँट सिलेक्ट ऑन ऑल टेबल्स इन स्कीमा विक्री टू अहवाल;

दोन्ही हवेत, एकाशिवाय दुसरा निरुपयोगी. कुठला दरवाजा बंद आहे ते अंदाजानं ठरवू नका, हॅज_स्कीमा_प्रिव्हिलेज आणि हॅज_टेबल_प्रिव्हिलेज ही फंक्शनं हो किंवा नाही असं सरळ उत्तर देतात. आणखी तपशील हवा असेल तर पीएसक्यूएलमध्ये बॅकस्लॅश डीपी आणि टेबलचं नाव. तिथे 'अहवाल=आर/मालक' असं काहीतरी दिसेल. डावीकडे कोणाला, मधे काय, तिरप्या रेघेनंतर कोणी दिलं. मधली अक्षरं सुरुवातीला बुचकळ्यात टाकतात : आर म्हणजे वाचन, ए म्हणजे भर घालणं अर्थात इन्सर्ट, डब्ल्यू म्हणजे अपडेट, लहान डी म्हणजे डिलीट, मोठा डी म्हणजे ट्रंकेट. बरोबरच्या चिन्हाआधी काहीच नसेल तर ते 'पब्लिक', म्हणजे सगळ्यांना. आणि पूर्ण रकानाच रिकामा असेल तर त्या टेबलवर आजवर कोणी ग्रँट केलेला नाही, मालकाशिवाय तिथे कोणालाच प्रवेश नाही. नव्या टेबलचा रकाना रिकामा आणि शेजारच्या जुन्या टेबलचा भरलेला दिसला की माझं निदान तिथेच होतं.

आवृत्ती १५ (ऑक्टोबर २०२२) पासून पब्लिक स्कीमात एक बदल झाला. आधी तिथे कोणीही टेबल बनवू शकत असे. आता नव्या डेटाबेसमध्ये ती मुभा फक्त डेटाबेसच्या मालकाला आहे. जुना डेटाबेस अपग्रेड करून आणला तर जुनी मुभा तशीच येते. "टेस्टवर चालतं, नव्या प्रॉडक्शनवर 'परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक' येतं" हे कोडं अनेकदा एवढ्यावरच सुटतं. यावर उपाय म्हणून पब्लिकवर सगळ्यांना क्रिएट परत देऊ नका, ॲपसाठी वेगळी स्कीमा बनवा.

वाचता येतं, लिहिता येत नाही

टेबलचा आयडी सीरियल प्रकारचा असेल तर इन्सर्ट करणाऱ्याला त्यामागच्या सीक्वेन्सवरही युसेज लागतो. 'ऑल टेबल्स' म्हटल्यानं सीक्वेन्स येत नाहीत, 'ऑल सीक्वेन्सेस'चा ग्रँट वेगळा द्यावा लागतो. आवृत्ती १० पासून आलेल्या आयडेंटिटी कॉलमला ही कटकट नाही, नवीन टेबलांत तोच वापरा.

इन्सर्ट दिलाय, सीक्वेन्सही दिलाय, तरी टेबलच्याच नावानं नकार? मग ॲपनं खरोखर पाठवलेली क्वेरी लॉगमध्ये बघा. बरेच ओआरएम (ॲपसाठी क्वेरी आपोआप लिहिणाऱ्या लायब्ररी) इन्सर्टच्या शेवटी 'रिटर्निंग आयडी' जोडतात, आणि रिटर्निंगला सिलेक्ट लागतो. अपडेट किंवा डिलीटमध्ये 'व्हेअर' असेल तर त्यातले कॉलम वाचावे लागतात, म्हणून तिथेही सिलेक्ट. उलट दिशेनं, 'सिलेक्ट फॉर अपडेट'ला नुसता सिलेक्ट पुरत नाही, अपडेटचाही अधिकार लागतो.

नवीन टेबल : दोष परत का येतो

इथपर्यंत येऊन 'ऑल टेबल्स' चालवला की सगळं सुरू होतं आणि लोक तिकीट बंद करतात. दोष पुन्हा उगवण्याचं कारण या आज्ञेतच आहे. 'ऑल टेबल्स इन स्कीमा' म्हणजे या क्षणी त्या स्कीमात असलेली टेबलं. पोस्टग्रेस त्यांची यादी काढतो, एकेकावर ग्रँट लिहितो आणि विसरतो. उद्या बनणारं टेबल कोऱ्या रकान्यानंच जन्माला येतं.

भविष्यातल्या टेबलांसाठी वेगळी सोय आहे, डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस. ती आवृत्ती ९.० पासून, म्हणजे २०१० पासून आहे, आणि बहुतेकांनी ती कधीतरी चालवलेलीही असते :

ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस इन स्कीमा विक्री ग्रँट सिलेक्ट ऑन टेबल्स टू अहवाल;

मग तरी दोष का येतो? कारण या आज्ञेत एक न लिहिलेला शब्द आहे. 'फॉर रोल' दिलं नाही तर ती फक्त आज्ञा चालवणाऱ्या रोलसाठी लागू होते. तुम्ही ती 'पोस्टग्रेस' युजरनं चालवली असेल तर तिचा अर्थ झाला, "पोस्टग्रेस युजर या स्कीमात जे टेबल बनवेल त्यावर अहवालला वाचू द्या." टेबलं बनवतो मायग्रेटर. त्याच्या टेबलांशी या नियमाचा काही संबंधच नाही. नियम आहे, दिसतो, एररही देत नाही, आणि कामाचा नाही.

कोणाचे नियम आहेत ते बॅकस्लॅश डीडीपीनं बघा. पहिला रकाना ओनरचा असतो. मग बॅकस्लॅश डीटी विक्री.* चालवून टेबलांचे मालक बघा. दोन्ही याद्या शेजारी ठेवा. टेबलांच्या मालकांत जे नाव आहे पण डीडीपीच्या ओनरमध्ये नाही, तिथून दोष गळतोय. माझ्या अनुभवात टेबलांच्या यादीत तीन-चार मालक निघतात : मायग्रेटर, पोस्टग्रेस, घाईत हातानं टेबल बनवणारा एखादा डेव्हलपर, आणि कधीकधी नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा रोल.

इथे एक वाट बंद आहे, ती आधीच सांगतो. "मायग्रेटरला मालकचा सदस्य केलंय, म्हणजे मालकचे डिफॉल्ट त्यालाही लागतील" असं वाटणं साहजिक आहे, पण तसं होत नाही. टेबल बनवताना जो करंट युजर असतो फक्त त्याचेच डिफॉल्ट बघितले जातात, तो ज्या रोलचा सदस्य आहे त्यांचे नाही.

उपाय दोन. सोपा उपाय म्हणजे टेबल बनवणाऱ्या प्रत्येक रोलसाठी नियम लिहिणं :

ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस फॉर रोल मायग्रेटर इन स्कीमा विक्री ग्रँट सिलेक्ट ऑन टेबल्स टू अहवाल;

सीक्वेन्ससाठी, आणि लागत असेल तर फंक्शनसाठी, अशीच एकेक ओळ. हे आज दुपारी करता येतं, पण उद्या पाचवा टेबल बनवणारा आला की गाडी मूळपदावर.

मला पटणारा उपाय दुसरा आहे : टेबल कोणीही बनवो, मालक एकच ठेवायचा. 'मालक' हा लॉगिन नसलेला रोल. मायग्रेटर त्याचा सदस्य, आणि त्याला जोडताक्षणी मालकच्या टोपीत उभं करायचं :

ग्रँट मालक टू मायग्रेटर;
ऑल्टर रोल मायग्रेटर सेट रोल टू मालक;

पुढच्या कनेक्शनपासून मायग्रेटर जे बनवेल ते मालकच्या नावावर चढेल आणि डिफॉल्ट प्रिव्हिलेजेसचा एकच संच, फॉर रोल मालक, पुरेल. स्कीमावर क्रिएट फक्त मालकला द्या, बाकीच्यांचा काढून घ्या. मग हातानं टेबल बनवणारा डेव्हलपर स्वतःच 'परमिशन डिनाइड' घेऊन तुमच्याकडे येईल, आणि तसा तो आलेलाच बरा. पोस्टग्रेस हा सुपरयूजर (ज्याला कुठलीच परवानगी लागत नाही असा रोल) मात्र यातून सुटतो, तेव्हा सुपरयूजरनं टेबल बनवायचं नाही ही शिस्त माणसांनाच पाळावी लागते.

दोन्ही उपायांत लक्षात ठेवा, डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस मागे वळून बघत नाहीत. आधीच बनलेल्या टेबलांसाठी 'ऑल टेबल्स'चा ग्रँट एकदा चालवावाच लागतो.

रात्रीचा जॉब, सकाळचा नकार

परवानगी टेबलच्या नावाला चिकटलेली नसते, त्या टेबललाच असते. रात्रीचा जॉब 'सारांश' टेबल ड्रॉप करून पुन्हा बनवत असेल, किंवा नवीन टेबल भरून जुन्याच्या जागी रीनेम करत असेल, तर सकाळी तेच नाव असलं तरी टेबल दुसरं असतं. जुने ग्रँट जुन्या टेबलबरोबर गेले. जॉब बदलता येत असेल तर ड्रॉपऐवजी ट्रंकेट करून भरा, ग्रँट जागेवर राहतात. मटेरियलाइज्ड व्ह्यू (निकाल साठवून ठेवणारा व्ह्यू) असेल तर रिफ्रेश. साध्या व्ह्यूला क्रिएट ऑर रिप्लेस, ड्रॉप नको. जॉब बदलता येत नसेल तर तो ज्या रोलनं चालतो त्याचे डिफॉल्ट लिहा.

रिस्टोरची गोष्टही याच जातीची. पीजी डंप एका डेटाबेसचा डंप घेतो, त्यात रोल नसतात. नव्या सर्व्हरवर 'अहवाल' रोलच नसेल तर त्याच्या ग्रँटची प्रत्येक ओळ एरर देते, पण रिस्टोर थांबत नाही, पुढे जातो आणि डेटा व्यवस्थित दिसतो. मालक रोल नसेल तर टेबलं रिस्टोर करणाऱ्याच्या नावावर राहतात. म्हणून आधी पीजी डंपऑलचा ग्लोबल्स ओन्ली पर्याय वापरून रोल न्या, मग डेटाबेस. आणि डंप घेताना कोणी नो ओनर, नो प्रिव्हिलेजेस असे पर्याय दिले होते का ते विचारा. टेस्टसाठी बनवलेली तीच स्क्रिप्ट प्रॉडक्शनलाही वापरली जाते.

रोलमधून मिळालेली परवानगी

ग्रँट गटाच्या रोलला असेल आणि माणूस त्याचा सदस्य असेल, तर वारसा चालू आहे का बघा. नोइनहेरिट असलेल्याला सेट रोल केल्याशिवाय गटाचं काही मिळत नाही. आवृत्ती १६ (२०२३) मध्ये ही गोष्ट रोलवरून प्रत्येक सदस्यत्वावर गेली. त्यामुळे रोलवर नंतर इनहेरिट लावून जुनी सदस्यत्वं सुधारत नाहीत, ते सदस्यत्व पुन्हा ग्रँट करावं लागतं. बॅकस्लॅश डीआरजी हा तक्ता दाखवतं.

क्वेरीत नसलेलं नाव एररमध्ये

आता जरा खोल पाणी. व्ह्यूमागची टेबलं व्ह्यूच्या मालकाच्या परवानगीनं वाचली जातात. त्या मालकाचा अधिकार कोणी काढला, की व्ह्यूवर पूर्ण परवानगी असलेल्या अहवालला मूळ टेबलच्या नावानं नकार येतो. लोक मग अहवालला मूळ टेबलच देऊन टाकतात, आणि कॉलम लपवण्यासाठी बनवलेल्या व्ह्यूचा उद्देशच संपतो. दुरुस्ती व्ह्यूच्या मालकाची करा. अपवाद, आवृत्ती १५ पासूनचा सिक्युरिटी इनव्होकर पर्याय. तो लावलेला असेल तर विचारणाऱ्याचीच परवानगी तपासली जाते.

फॉरेन कीचं (ओळीचा संदर्भ दुसऱ्या टेबलमध्ये असायलाच हवा या बंधनाचं) असंच. इन्सर्ट करताना संदर्भ-टेबलमध्ये ती ओळ आहे का, हे पोस्टग्रेस त्या संदर्भ-टेबलच्या मालकाच्या नावानं तपासतो. त्या मालकाला स्वतःच्याच टेबलच्या स्कीमावर युसेज नसेल तर भलत्याच माणसाला 'परमिशन डिनाइड फॉर स्कीमा' येतो. ओळखण्याची खूण : एररच्या कॉन्टेक्स्टमध्ये तुम्ही कधीच न लिहिलेली 'सिलेक्ट १ फ्रॉम ओन्ली' अशी क्वेरी दिसते. अशा वेळी इन्सर्ट करणाऱ्याला काही देऊ नका, मालकाला युसेज द्या.

शून्य ओळींचं कारण बहुधा रो लेव्हल सिक्युरिटी, म्हणजे कोणाला कुठल्या ओळी दिसाव्यात हे पॉलिसी नावाच्या नियमांनी ठरवणारी सोय. ती चालू केली आणि पॉलिसी लिहिली नाही तर मालकाला सगळं दिसतं, बाकीच्यांना काहीच नाही, आणि एररही नाही. तपासायला त्या युजरच्या सेशनमध्ये रो_सिक्युरिटी ऑफ करा आणि तीच क्वेरी चालवा. पॉलिसी आड येत असेल तर आता गप्प न राहता एरर येईल. यानं कोणाला जास्त दिसू लागत नाही, त्यामुळे हे करायला भीती नाही.

घाईतले उपाय, जे करू नयेत

रात्री अकरा वाजता सुपरयूजर करून टाकायचा मोह होतो. सुपरयूजरला परवानगीची तपासणीच लागत नाही, त्यामुळे दोष दिसेनासा होतो आणि सर्व्हरवरच्या फाइलींपर्यंतचा रस्ता अहवालाच्या पासवर्डला उघडा होतो. 'टू पब्लिक' ग्रँटही नको. पब्लिकला दिलेलं एका माणसाकडून रिव्होक करता येत नाही, रिव्होक यशस्वी होतो आणि माणूस वाचतच राहतो.

आवृत्ती १४ पासून पीजी_रीड_ऑल_डेटा नावाचा तयार रोल आहे. नवीन टेबलांचा प्रश्न तो एका ओळीत मिटवतो, आणि एकट्या छोट्या डेटाबेससाठी मी तो वापरतोही. पण तो सगळ्या स्कीमा वाचतो, आणि त्याच सर्व्हरवरच्या ज्या-ज्या डेटाबेसला जोडता येईल तिथल्याही. शेजारच्या डेटाबेसमध्ये पगार असतील तर विचार करा.

कुठे थांबून जाणत्याला बोलवायचं

चालू प्रॉडक्शनवर मालकी बदलायची वेळ आली की. ऑल्टर टेबल ओनरला टेबलवर सर्वांत कडक लॉक लागतो. काम क्षणाचं असतं, पण पुढे एखादी लांब क्वेरी चालू असेल तर तो थांबतो, आणि त्याच्यामागे बाकी सगळे. लॉक टाइमआउट लावून, कमी वर्दळीत, रिहर्सल केलेल्या माणसानं ते करावं. सोडून गेलेल्या माणसाचा रोल काढताना रिअसाइन ओन्ड आणि ड्रॉप ओन्ड यांच्यातही गफलत करू नका. पहिला मालकी बदलतो. दुसरा त्या रोलच्या नावावरचं सगळं पाडतो, टेबलांतल्या डेटासकट.

सुपरयूजरचा पासवर्ड हरवला, किंवा कोणी पोस्टग्रेस रोलचाच सुपरयूजर काढून घेतला, तर थांबा. सर्व्हर बंद करून सिंगल युजर मोडमध्ये चढवणं हे वाचून करायचं काम नाही. क्लाउडवरच्या व्यवस्थापित सेवेत खरा सुपरयूजर तुम्हाला दिलेलाच नसतो, तिथे सरळ त्यांच्या सपोर्टला तिकीट टाका. सिस्टिम कॅटलॉगच्या टेबलांत हातानं अपडेट करा असा सल्ला कुठे मिळाला तर तिथेही तेच : करू नका, माणूस बोलवा.

आणि बॅकस्लॅश डीपी किंवा डीयू बघताना कोणीच न ओळखणारा रोल किंवा ग्रँट सापडला, तर तो लगेच पुसू नका. पुसलात तर पुरावाही जातो. त्याचं लॉगिन बंद करा (चालू सेशन त्यानं तुटत नाहीत, ती वेगळी संपवावी लागतात), लॉग आणि सध्याच्या ग्रँटची प्रत बाजूला काढा आणि सुरक्षेचं बघणाऱ्याला कळवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अनधिकृत प्रवेशासारख्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात, त्यामुळे "उद्या बघू" चालत नाही.

जाणत्याला फोन करण्याआधी एवढं जमवून ठेवा : कॉन्टेक्स्टसकट पूर्ण एरर, पोस्टग्रेसची आवृत्ती, ॲपच्या कनेक्शनवरून काढलेले करंट_युजर आणि करंट_डेटाबेस, संबंधित टेबलचं बॅकस्लॅश डीपी, स्कीमाचं बॅकस्लॅश डीएन प्लस, आणि बॅकस्लॅश डीडीपी.